खाण तशी माती, माती तसं पीक

(मंडळाच्या गणेशोत्सवात दुपारच्या सत्रात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातले काही शब्द तसेच ठेवले आहेत.)



सर्वप्रथम मंडळाच्या कार्यकारिणीचे आभार. आरती, प्रसाद आणि मसालेभात झाल्यावर भाषण ठेवायचं धाडस त्यांनी केलं आहे, आणि तेही मातीवर! त्यामुळे कोणाचा डोळा लागला तर मी मनावर घेणार नाही.

मी व्यवसायाने आयटीवाला. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं, काम कन्सल्टिंगचं. सोमवार ते शुक्रवार लोकांच्या डेटाबेसमधली जळमटं काढायची आणि शनिवार-रविवारी मुलांना मराठी शाळेत आणि सॉकरला पोहोचवायचं, हा आपल्या सगळ्यांसारखाच माझाही दिनक्रम. मग मी शेतीवर का बोलतोय? कारण बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव तालुक्यात आमची अकरा एकर कोरडवाहू जमीन आहे. ती काका आणि चुलतभाऊ कसतात. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. इथे बसलेल्यांपैकी निदान निम्म्या लोकांचं नाव असंच कुठल्या ना कुठल्या सातबाऱ्यावर असणार. आणि ‘त्या जमिनीचं काय करायचं?’ हा प्रश्न दर भारतवारीत एकदा तरी निघतोच.

माझा आजचा विषय त्याच प्रश्नाच्या एका भागाबद्दल आहे. आपल्या नेमक्या जमिनीत, आपल्या नेमक्या पावसात कोणतं पीक तग धरेल, हे माती आणि हवामानाचे नकाशे पाहून ठरवता येतं का? आणि येत असेल, तर किती?

सुरुवात आपल्या न्यू जर्सीपासूनच करू. जून-जुलैमध्ये आपण सगळे मुलांना घेऊन हॅमंटनच्या बाजूला ब्लूबेरी तोडायला जातो. अर्ध्या बादलीत, अर्ध्या पोटात! तो सगळा दक्षिण जर्सीचा भाग म्हणजे ‘पाइन बॅरन्स’. बॅरन म्हणजे ओसाड. युरोपातून आलेल्या वसाहतकऱ्यांनी तिथे गहू-मका लावून पाहिला आणि पीक येत नाही म्हणून जमिनीला ओसाड हे नाव देऊन टाकलं. माती रेताड, आम्ल, पाणी न धरणारी.

१९१० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी ब्लूबेरीवरच्या प्रयोगांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचा सारांश असा की ब्लूबेरीला आपण जिला ‘चांगली’ म्हणतो ती सुपीक, चुना घातलेली बागेतली माती नकोच असते, तिला आम्ल माती लागते. व्हाइट्सबॉगच्या क्रॅनबेरी मळ्यातल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी ती वाचली आणि १९११ मध्ये कोव्हिलना पत्र लिहून आपली जमीन प्रयोगासाठी देऊ केली. पुढे त्यांनी केलेली गोष्ट मला फार आवडते. जंगलात वर्षानुवर्षं फिरणाऱ्या स्थानिक लोकांना त्यांनी सांगितलं, की सर्वांत मोठी फळं येणारी झुडपं शोधून आणा, मी पैसे देईन आणि झुडपाला तुमचं नाव देईन. ‘रूबेल’ ही प्रसिद्ध जात अशाच एका शोधणाऱ्याच्या नावावरून आली आहे. १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं.

या गोष्टीत तीन माणसं आहेत बघा. मातीचं रसायन समजणारा शास्त्रज्ञ, जमीन आणि पैसा घालून धोका पत्करणारी मालकीण, आणि जंगलाचा कोपरा न् कोपरा माहीत असलेले स्थानिक लोक. तिघांपैकी एक जरी वगळला असता तर ती जमीन आजही ओसाडच राहिली असती.

अमेरिकेत मातीचे नकाशे करायचं सरकारी काम १८९९ साली सुरू झालं. पण त्याला खरी निकड आली ती १९३०च्या दशकातल्या ‘डस्ट बोल’नंतर. पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाचा भाव चढला, म्हणून मधल्या मैदानी राज्यांतली गवताळ कुरणं नांगरून गहू पेरला गेला. पुढे पाऊस हटला. गवताच्या मुळ्यांनी धरून ठेवलेली माती मोकळी झाली होती, ती वाऱ्यावर उडाली. मे १९३४ मध्ये ती धूळ थेट न्यूयॉर्कपर्यंत आली. १९३५ मध्ये ह्यू हॅमंड बेनेट यांच्या नेतृत्वाखाली मृदसंधारणाचं स्वतंत्र खातं उभं राहिलं. कोणत्या जमिनीवर नांगर चालवायचा आणि कोणती गवताखालीच ठेवायची, याची एक ते आठ अशी प्रतवारी पुढे याच खात्याने रूढ केली.

हे सगळं आता फुकट बघता येतं. २००५ पासून ‘वेब सॉइल सर्व्हे’ नावाची सोय आहे. आपल्या घराचा पत्ता टाका, माऊसने चौकोन काढा, आणि तिथल्या मातीचं नाव, खोली, निचरा, पाणी धरायची क्षमता, सगळं समोर येतं. आपल्यासारख्या उपनगरात राहणाऱ्यांना बऱ्याचदा ‘अर्बन लँड’ असं उत्तर मिळतं. बिल्डरने सगळी उलथापालथ केलेली असते, मातीला स्वतःचं असं काही उरलेलंच नसतं! पण गावाबाहेरच्या शेताचा चौकोन काढून बघा, चकित व्हाल.

हवामानाचा नकाशा तर घरोघरी वापरला जातो. रोपवाटिकेत कुंडीवर ‘झोन ६’, ‘झोन ७’ असं लिहिलेलं असतं ना, तो कृषी खात्याचा नकाशा. हिवाळ्यातल्या सर्वांत थंड रात्रीचं तापमान दर वर्षी काय असतं, त्याची तीस वर्षांची सरासरी काढून तो करतात. आपल्या घरातला कढीपत्ता ऑक्टोबरमध्ये कुंडीसकट आत का आणावा लागतो, याचं उत्तर त्यात आहे. हा नकाशा २०१२ नंतर २०२३ मध्ये नव्याने आला. १३,४१२ हवामान केंद्रांची माहिती त्यात आहे, आणि जवळजवळ निम्मा देश अर्ध्या झोनने उबदार बाजूला सरकला आहे. म्हणजे नकाशा एकदा काढून भिंतीला टांगला आणि काम संपलं, असं होत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ.

‘खाण तशी माती’ ही म्हण आपण लग्नाच्या बोलाचालीत जास्त वापरतो! पण ती शब्दशः भूगर्भशास्त्र आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. महाराष्ट्राचा जवळजवळ ८० टक्के भाग याच काळ्या बसाल्ट खडकावर आहे. कमी पावसाच्या भागात तो खडक झिजून चुनखडी असलेली काळी चिकण माती झाली. त्याच खडकावर कोकणात प्रचंड पाऊस पडला, चुना आणि क्षार धुऊन गेले, लोह मागे राहिलं आणि जांभा झाला. खडक एक, पाऊस वेगळा, म्हणून माती वेगळी, म्हणून एकीकडे कापूस-ज्वारी आणि दुसरीकडे हापूस-काजू.

पाऊस तरी किती कमी अंतरात बदलतो! महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथून पसरणीचा घाट उतरून तीस-बत्तीस किलोमीटरवर वाईला या, तो हजाराच्या आत येतो. एकाच जिल्ह्यात. म्हणूनच ‘सातारा जिल्ह्यात कोणतं पीक घ्यावं?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कृषी विद्यापीठांनी महाराष्ट्राचे नऊ कृषी-हवामान विभाग पाडले आहेत, ते जिल्ह्यांच्या हद्दीप्रमाणे नाहीत, माती आणि पावसाप्रमाणे आहेत. दक्षिण कोकणची जांभ्या जमिनीची किनारपट्टी, घाटमाथा, अवर्षणप्रवण विभाग, मध्य विदर्भ, पूर्व विदर्भ वगैरे. देशपातळीवर हे काम नागपूरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो १९७६ पासून करतो आहे. त्यांनी भारताचे २० कृषी-परिस्थितिकी प्रदेश आणि ६० उपप्रदेश केले आहेत.

आपल्या आजी-आजोबांकडेही नकाशा होताच, फक्त तो कागदावर नव्हता. भारी, मध्यम, हलकी, मुरमाड, बरड, चोपण, खारवट, गाळाची, हे शब्द म्हणजे मातीचं वर्गीकरणच आहे. सोलापूरकडची मालदांडी ज्वारी घ्या. पावसाळा संपता संपता पेरायची, त्यानंतर पाऊस जवळजवळ नाहीच, आणि तरी पीक येतं. कसं? खोल काळ्या जमिनीने पावसाळ्यात पिऊन ठेवलेल्या पाण्यावर. हलक्या रानात रब्बी ज्वारीला तेवढी ओल मिळत नाही. हे ज्ञान पुस्तकातून आलेलं नाही.

आता माझ्या भाषणातला एकच हिशोब करतो. आयटीवाल्याकडून तेवढी अपेक्षा असतेच!

माती ही पाण्याची टाकी आहे असं समजा. काळ्या चिकण जमिनीत दर सेंटिमीटर खोलीला साधारण दीड ते दोन मिलिमीटर पाणी असं साठतं, की जे पिकाच्या मुळांना घेता येतं. म्हणजे जमीन एक मीटर खोल असेल तर टाकी दीडशे ते दोनशे मिलिमीटरची. आणि पंचवीस सेंटिमीटरवर मुरूम लागत असेल तर टाकी चाळीस-पन्नास मिलिमीटरची. फुलोऱ्यात आलेलं सोयाबीन दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी पितं. करा भागाकार. पावसाने उघडीप दिली तर हलक्या जमिनीतलं सोयाबीन आठ-दहा दिवस टिकेल. खोल जमिनीतलं, कागदावर तरी, महिनाभर. दोन्ही शेतांवर पाऊस सारखाच पडला, बियाणं एकाच पिशवीतलं, खत एकाच दुकानातलं. फरक फक्त टाकीचा.

आणि गंमत अशी, की दोन्ही शेतं वरून सारखीच काळी दिसतात.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. भारतात २०१५ पासून जमीन आरोग्य पत्रिका देण्याची योजना आहे. त्यात बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त-लोहासारखी सूक्ष्म द्रव्यं, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. चांगली योजना आहे, खत किती घालायचं ते त्यावरून कळतं. पण त्या बारांत मातीची खोली नाही. म्हणजे टाकीत काय मिसळलंय ते कळतं, टाकी केवढी आहे ते कळत नाही. कोरडवाहू शेतीत तर पहिला प्रश्न टाकीचाच.

आता आमच्या शेताबद्दल. आमच्या अकरा एकरांचा उतार टेकडीकडून नाल्याकडे आहे. गेली काही वर्षं सगळ्या रानात एकच पीक, सोयाबीन, आणि थोडी तूर. टेकडीकडचे तीन एकर दर दोन-तीन वर्षांनी दगा द्यायचे. दुबार पेरणी म्हणजे बियाणं पुन्हा विकत, पीककर्ज थकीत, आणि मग पुढच्या हंगामाला बँक दारात उभं करत नाही. काका सत्तरीचे. ‘वरचा तुकडा विकून टाकू’ असं ते म्हणू लागले होते, आणि चुलतभाऊ पुण्याला एखाद्या कंपनीत लागावं का, याचा विचार करत होता. आमच्या पिढीत शेती करणारा तो एकटाच. तो उठला की अकरा एकर पडीक.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये मी गेलो तेव्हा लॅपटॉपवर सगळे नकाशे घेऊन गेलो होतो. नेदरलँड्समधल्या आयएसआरआयसी संस्थेचा जगभरच्या मातीचा ‘सॉइलग्रिड्स’ हा नकाशा फुकट आहे. इस्रोचं ‘भुवन’ आहे. ‘नासा पॉवर’वर रोजच्या हवामानाच्या नोंदी मिळतात. मी मोठ्या उत्साहाने आमचं शेत त्यावर आणलं. सॉइलग्रिड्सचा एक ठिपका अडीचशे मीटर बाय अडीचशे मीटरचा, म्हणजे सवापंधरा एकरांच्या वर. आमचं अख्खं शेत एका ठिपक्यात मावलं! टेकडी, नाला, मधला बांध, सगळ्यांना एकच आकडा. अडीच लाखास एक या प्रमाणातल्या राज्याच्या मृदा नकाशावरही एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. त्यातून तालुक्याचा अंदाज येतो, बांधाच्या अलीकडचं-पलीकडचं कळत नाही.

मग आम्ही साधं काम केलं. चुलतभाऊ, एक मजूर आणि मी, पहार आणि फावडं घेऊन वरपासून खालपर्यंत नऊ ठिकाणी खड्डे घेतले. मुरूम कुठे लागतो ते टेपने मोजलं आणि फोनच्या जीपीएसवर जागा टिपल्या. दीड दिवसाचं काम. वरचे तीन एकर वीस ते पंचवीस सेंटिमीटर. मधले चार चाळीस-पन्नास. नाल्याकडच्या चार एकरांत मीटरभर खणूनही मुरूम लागला नाही. रात्री बसून मी तीन रंगांचा नकाशा केला आणि सकाळी काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाले, “हे तं आमाले ठावंच हाये. पण बाजारात जे इकते तेच पेरा लागते ना!”

मंडळी, त्या एका वाक्यात माझ्या विषयाची मर्यादा आली. वरचं रान हलकं आहे हे त्यांना कुठल्याही उपग्रहापेक्षा चांगलं माहीत होतं. नकाशाने नवीन काय दिलं? आकडा दिला. ‘हलकं आहे’ याऐवजी ‘दहा दिवसांची टाकी आहे’ असं म्हटल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो, की आपल्याकडे दहा दिवसांची उघडीप किती वेळा पडते?

म्हणून पावसाच्या नोंदी काढल्या. खामगावकडे वर्षाची सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर. सोयाबीनला हंगामात साडेचारशे ते सातशे लागतं. सरासरी बघितली तर काळजीच नको! पण पीक सरासरी पीत नाही, ते त्या आठवड्याचं पाणी पितं. रोजच्या नोंदी मांडल्यावर दिसलं, की जुलै-ऑगस्टमध्ये दहा दिवसांचा खंड हा अपवाद नाही, नेहमीचा पाहुणा आहे. हा तक्ता बघून मात्र काका गप्प झाले.

मग तिघांनी बसून ठरवलं. वरच्या तीन एकरांत सोयाबीन बंद. तिथे सीताफळ, आणि झाडं लहान आहेत तोवर मधल्या पट्ट्यात मूग आणि तीळ. सीताफळ मुरमाड जमिनीत येतं, पाणी कमी मागतं, आणि त्याच्या पाल्याला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. आमच्याकडे रोह्यांचा त्रास फार, त्यामुळे हा मुद्दा चुलतभावाने काढला, माझ्या लॅपटॉपने नव्हे. मधल्या चार एकरांत सोयाबीन-तूर, पण रुंद वरंबा सरीवर, म्हणजे कमी पावसात ओल टिकते आणि जास्त पावसात पाणी निघून जातं. खालच्या खोल जमिनीत खरिपाचं पीक काढून त्याच ओलीवर हरभरा.

आणि २०२३ चा ऑगस्ट आला. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. आमच्या शिवारात हलक्या रानातली सोयाबीन फुलोऱ्यात करपली. आमच्या मधल्या तुकड्याचाही उतारा घसरला. पण वरच्या तुकड्यात महागडं बियाणं आणि खत गेलेलंच नव्हतं, मूग लवकरचा असल्यामुळे थोडाफार हाती लागला होता, रोपांना टँकरच्या दोन खेपा घातल्या. खालच्या रानाने घर सांभाळलं. चमत्कार झाला नाही. कर्ज थकलं नाही, इतकंच झालं. पण कोरडवाहू शेतकऱ्याला ‘इतकंच’ म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरातल्या कोणालाही समजेल. वरचा तुकडा विकायचा विषय निदान सध्या तरी निघत नाही, आणि चुलतभाऊ अजून गावातच आहे.

दुसरी बाजूही सांगतो. २०२४ मध्ये पाऊस चांगला होता, पण सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारात ते त्याच्या खाली विकलं गेलं. माती बरोबर, पाऊस बरोबर, भाव नाही. हे कोणताही मातीचा नकाशा सांगू शकत नाही. याउलट ऊस घ्या. त्याला पंधराशे ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं, आणि तरी तो पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या भागात दिसतो. तिथला शेतकरी अडाणी आहे म्हणून नव्हे, तर कारखाना ठरलेल्या दराने ऊस घेतो म्हणून. बाकी पिकांना ती हमी नाही. तेव्हा ‘त्यांना कळत नाही’ असं आपण इथे बसून म्हणू नये.

आणखी एक इशारा. आमच्याच जिल्ह्यात पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. बुलढाणा, अकोला, अमरावती असा पसरलेला. जमीन खोल, काळीभोर, माझ्या हिशोबाने टाकी मोठी. पण भूजल खारं आणि निचरा वाईट. विहिरीचं पाणी द्यावं तर जमीन चोपण होते. म्हणजे नुसती खोली बघूनही चालत नाही, पाणी आणि निचराही बघावा लागतो. एका आकड्यावर पीक ठरवणारं ॲप कोणी विकायला आलं, तर त्याला आधी खारपाणपट्ट्यात न्या!

सरकारी पातळीवरही हे काम चालू आहे. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात महाराष्ट्रातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला, त्यात आयआयटी मुंबईच्या मंडळींनी गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची साधनं तयार केली. शेजारच्या कर्नाटकात ‘सुजला’ प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात सर्व्हे नंबरच्या पातळीवर मातीची खोली, उतार, पोत बघून शेतकऱ्याला पिकांच्या शिफारशीचं कार्ड दिलं गेलं. माझ्या मते मातीच्या कार्डाची पुढची पायरी हीच.

पण सगळ्यांत जुनं आणि साधं उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पोपटराव पवारांचं गाव. जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाचा प्रदेश. तिथे पाऊस मोजतात, पाणी किती साठलं याचा हिशोब ग्रामसभेत मांडतात, आणि त्यावरून यंदा कोणती पिकं घ्यायची ते गाव ठरवतं. ऊस-केळीला बंदी, सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी. तिथे नकाशापेक्षा मोठी गोष्ट आहे ती एकमताची. माझ्या शेतात मी कमी पाण्याचं पीक घेतलं आणि शेजाऱ्याने पाचशे फूट बोअर मारली, तर माझ्या हिशोबाला काय अर्थ?

आता आपण इथून काय करू शकतो? बहुतेकजण डिसेंबरमध्ये जाणार आहात, म्हणून पाच गोष्टी सांगतो.

एक. लॅपटॉपच्या आधी पहार. शेताला उतार असेल तर वर, मध्ये, खाली असे आठ-दहा खड्डे घ्या. मुरूम किती खोल आहे ते मोजा आणि गट नंबरच्या नकाशावर लिहा.

दोन. जो कसतो त्याला घेऊन शेत फिरा. पाणी कुठे साचतं, वाफसा कुठे लवकर येतो, कोणत्या कोपऱ्यात पीक आधी माना टाकतं, हे विचारा आणि तेही नकाशावर लिहा. एवढी माहिती दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

तीन. माती आणि विहिरीचं पाणी, दोन्ही तपासून घ्या. नुसती माती नको.

चार. आपल्या मंडळाच्या रोजच्या पावसाच्या नोंदी काढा आणि वर्षाची सरासरी नव्हे, तर उघडिपी मोजा. इथे आपला एक्सेलचा हात उपयोगी पडतो!

पाच, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. नवीन पीक आधी लहान तुकड्यात करून बघा, आणि त्या तुकड्याचा खर्च आपण उचला. आपण फोनवरून सल्ला देतो, तो फसला तर आपला पगार पंधरा तारखेला जमा होतोच. ज्याच्या ताटात त्याचा परिणाम दिसतो तो तिकडे आहे. सल्ला आपला आणि धोका त्याचा, हा व्यवहार बरोबर नाही. व्हाइटबाईंनी स्वतःची जमीन आणि पैसा घातला, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं.

आणि हो, आठवण म्हणून गावची माती डबीत घालून आणू नका. अमेरिकेत परवान्याशिवाय माती आणता येत नाही, विमानतळावर पंचाईत होईल!

मुलांसाठी मात्र इथल्याच मातीचा एक खेळ सांगतो. यंदा दिवाळीचा किल्ला करताना मूठ-दोन मूठ माती काचेच्या बरणीत घाला, पाणी भरा, झाकण लावून खूप हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात रेती तळाशी बसेल, दोन-तीन तासांत त्यावर गाळ बसेल, आणि चिकणमाती खाली बसायला एक-दोन दिवस लागतील. तीन थर पट्टीने मोजा. मुलांना सांगा, की आजोबांच्या शेतातल्या मातीची बरणी भरली तर वरचा चिकणमातीचा थर सर्वांत जाड असेल, आणि तीच माती हस्ताचा पाऊस धरून ठेवते म्हणून रब्बीत हरभरा येतो. मग सुट्टीत गावी गेल्यावर त्यांना शेतात नेऊन खरंच मोजायला लावा. आमच्या शेतातला दहावा खड्डा पुढच्या वेळी माझी मुलगी खणणार आहे. तिने जागा आत्ताच निवडली आहे, आंब्याखाली, कारण तिथे सावली आहे!

प्रश्न असतील तर चहाच्या वेळी जरूर विचारा. येणारी दिवाळी तुम्हा सर्वांना आणि गावाकडे शेत राखणाऱ्या तुमच्या माणसांना सुखाची जावो.